पांढुर्णा-सौंसरहून सातासमुद्रापार : ‘बिझनेस क्लास’ निवडताना

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे काढून मध्य प्रदेशाने पांढुर्णा जिल्हा निर्माण केला. घरात आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या या पट्ट्याची राजधानी भोपाळ असली, तरी त्याचे रुग्णालय, महाविद्यालय, संत्र्याचा बाजार आणि विमानतळ ही सर्व सीमेपलीकडे नागपुरात आहेत. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर, सौंसरहून सत्तरच्या आसपास. त्यामुळे परदेशी निघालेला येथील प्रवासी भोपाळचा विचारही करीत नाही. त्याचा प्रवास सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून सुरू होतो.

गोमंतकीय वाचकास ही परिस्थिती अनोळखी वाटू नये. मोपा आणि दाबोळी हे दोन विमानतळ हाताशी असूनही गोव्यातून अमेरिकेस किंवा ऑस्ट्रेलियास थेट जाता येत नाही, कोठेतरी विमान बदलावेच लागते. अमेरिकेच्या व्हिसासाठीही गोवा आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांचा कारभार मुंबईच्याच वाणिज्य दूतावासाकडे आहे. लहान विमानतळावरून लांबच्या प्रवासास निघणाऱ्याचे प्रश्न दोन्हीकडे सारखेच असतात, आणि पांढुर्णा-सौंसरचे उदाहरण घेतल्यास ते अधिक स्पष्ट दिसतात.

या भागातून बिझनेस क्लासने कोण जाते? बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातील काही व्यवस्थापक कंपनीच्या खर्चाने जातात. त्यांना निवडीचा फारसा प्रश्न नसतो. खरा प्रश्न पडतो तो शिक्षणासाठी बाहेर पडून परदेशात स्थिरावलेल्या मुलांच्या आईवडिलांना. वडिलांचे गुडघे झिजलेले, आईला रक्तदाबाचा त्रास, प्रवास दीड दिवसाचा आणि नात जन्माला येण्याची तारीख ठरलेली. अशा वेळी मुलगा परदेशातून किंवा वडील स्वतः बागेच्या उत्पन्नातून हे तिकीट काढतात. बिझनेस क्लासचे भाडे इकॉनॉमीच्या तिप्पट-चौपट, कधी त्याहूनही अधिक असते. बहुतेक कुटुंबांत असा खर्च आयुष्यात एकदाच होतो, आणि चुकीच्या विमानात झाला तर त्यातील मोठा भाग वाया जातो.

कंपनीचे नाव आणि प्रत्यक्ष आसन

‘सर्वोत्तम विमान कंपनी कोणती’ या प्रश्नापासून बहुतेक जण आरंभ करतात आणि तेथेच फसतात. एकाच कंपनीच्या दोन विमानांतील बिझनेस क्लासमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. पूर्ण सपाट होणारे आसन बिझनेस क्लासमध्ये प्रथम ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणले. त्यानंतरच्या पाव शतकात या आसनांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. विमाने मात्र वीस-पंचवीस वर्षे उडत राहतात, आणि प्रत्येक विमानाचे अंतरंग वेळेवर बदलले जातेच असे नाही.

कतार एअरवेजचे उदाहरण पाहावे. मार्च २०१७ मध्ये तिने ‘क्यूस्वीट’ सादर केले. सरकते दार असलेली ही छोटी खोलीच म्हणावी. मधल्या काही ओळींत शेजारची दोन आसने जोडून दुहेरी शय्याही करता येते. परंतु ही सोय कंपनीच्या सर्व विमानांत नाही. बोइंग ७७७ आणि एअरबस ए३५० यांपैकी बहुतेकांत ती आहे, ७८७-८ मध्ये दार नसलेली जुन्या पिढीची आसने आहेत. ती आसने वाईट नाहीत, पूर्ण सपाट होतात, प्रत्येकास थेट मार्गिकेत उतरता येते. तरीही जाहिरातीतील छायाचित्र पाहून पैसे मोजणाऱ्याची निराशा होते.

एमिरेट्सच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक आहे. तिच्या दुमजली ए३८० मध्ये वरच्या मजल्यावर बिझनेस क्लासची १-२-१ अशी रचना आहे. तिच्याच जुन्या ७७७ मध्ये मात्र २-३-२ अशी रांग, म्हणजे बिझनेस क्लासमध्येही दोघांच्या मध्ये अडकलेले एक आसन. २०२४ पासून ही ७७७ विमाने टप्प्याटप्प्याने १-२-१ रचनेची केली जात आहेत. म्हणजे एकाच मार्गावर आज नवे आणि उद्या जुने विमान येऊ शकते. ब्रिटिश एअरवेजच्या जुन्या रचनेत खिडकीजवळच्या प्रवाशाला उठायचे तर शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागत. २०१९ पासून आलेल्या ‘क्लब स्वीट’मध्ये ही अडचण राहिली नाही. लुफ्तान्साची नवी ‘अलेग्रिस’ आसने मे २०२४ मध्ये म्युनिकहून सुरू झाली. फ्रँकफर्टहून निघणाऱ्या अनेक विमानांत त्यानंतरही जुनी २-२-२ रचना होती.

एअर इंडियाविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात, आणि दोन्ही आपापल्या जागी खरी असू शकतात. तिची ए३५०-९०० विमाने नवी आहेत. त्यांत बिझनेस क्लासची २८ आसने, प्रत्येकास दार आणि १-२-१ रचना आहे. दिल्लीहून लंडन व न्यूयॉर्कला ही विमाने गेलेली आहेत. दुसरीकडे तिच्या जुन्या ७७७ आणि ७८७-८ विमानांतील आसने गेल्या दशकातील असून नूतनीकरणाचे काम टप्प्याटप्प्याने चालते. ‘एअर इंडिया चांगली की वाईट’ यापेक्षा ‘त्या तारखेस त्या मार्गावर कोणते विमान’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

इंडिगोच्या बाबतीत शब्दांचाच घोळ होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर तिने ‘स्ट्रेच’ नावाचा वर्ग सुरू केला आणि जुलै २०२५ पासून मुंबईहून ॲमस्टरडॅम व मँचेस्टरला भाड्याच्या ७८७-९ विमानांनी लांबचे उड्डाण आरंभिले. या विमानांतील पुढचा वर्ग रुंद, मागे झुकणाऱ्या खुर्च्यांचा आहे, तो पलंग होत नाही. नऊ-दहा तासांच्या प्रवासात पाठ टेकून बसणे ज्यांना चालते त्यांच्यासाठी तो स्वस्त व चांगला पर्याय ठरेल. गुडघे सरळ करून झोपायचे आहे त्यांनी मात्र त्याला बिझनेस क्लास समजू नये.

विमानाचा प्रकार तिकीट काढताना उड्डाणाच्या तपशिलात दिलेला असतो, आणि ‘सीट मॅप’ उघडला की रांगेत किती आसने आहेत ते मोजता येते. रांगेत चार आसने दिसली तर रचना १-२-१ आहे. सहा वा सात दिसली तर जुनी आहे. छायाचित्रे, पुरस्कार आणि नातेवाइकांचे अनुभव यांपेक्षा ही मोजणी अधिक विश्वासार्ह ठरते.

वयस्क दांपत्यासाठी नवी १-२-१ रचनाच उत्तम, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. खिडकीकडेच्या दोन स्वतंत्र कोठड्यांत बसवलेले आईवडील पंधरा तास एकमेकांना दिसतही नाहीत. पडदा कसा लावायचा, आसन कसे सपाट करायचे, औषध कोणत्या कप्प्यात ठेवले, हे विचारायला शेजारी कोणी नसते. जुन्या २-२-२ मध्ये निदान दोघे खांद्याला खांदा लावून बसतात. १-२-१ असेल तर मधली दोन आसने घ्यावीत, आणि ती एकमेकांजवळ आहेत की मार्गिकेकडे सरकलेली आहेत हे पाहावे. अनेक विमानांत ओळीआड हा बदल होतो.

पलंग कोणत्या टप्प्यावर हवा

नागपूरहून परदेशी जाणाऱ्या नियमित सेवा मोजक्याच आहेत. कतार एअरवेज दोहाला आणि एअर अरेबिया शारजाला जाते. एअर अरेबियात बिझनेस क्लासच नाही. म्हणून नागपूरहून थेट बिझनेस क्लासचा मार्ग दोहाचा. दुसरा पर्याय दिल्ली वा मुंबईस जाऊन तेथून मोठे विमान पकडण्याचा. गोव्याहून निघणाऱ्यासही जवळजवळ हेच पर्याय आहेत. तेथील कतारची दोहा सेवा जून २०२४ मध्ये दाबोळीहून मोपास गेली.

नागपूर-दोहा हा टप्पा चार-साडेचार तासांचा आहे. त्यापुढचा दोहा-शिकागो किंवा दोहा-डॅलस हा चौदा ते सोळा तासांचा. दोन्हींसाठी एकाच दराने विचार करण्याचे कारण नाही. पहिल्या टप्प्यावर साधी झुकणारी खुर्ची मिळाली तरी बिघडत नाही. दुसऱ्या टप्प्यावर सपाट पलंग नसेल तर तिकीटच व्यर्थ. ज्या तिकिटात लांबच्या टप्प्यावर इकॉनॉमी आणि छोट्या टप्प्यावर बिझनेस असेल ते स्वस्त दिसते आणि संकेतस्थळे ते ‘बिझनेस’ म्हणूनच वर आणून दाखवतात. असे तिकीट घेतलेल्यास लांबच्या विमानात चढल्यावरच चूक कळते. याउलट परदेशी कंपनीचे दिल्ली-मुंबईमार्गे बिझनेस तिकीट घेतले की नागपूरपासूनचा देशांतर्गत टप्पा भागीदार कंपनीच्या इकॉनॉमीत येणे सर्वसाधारण आहे. दीड तासांसाठी त्याची खंत करू नये. सामानाची मर्यादा मात्र कोणत्या टप्प्यास कोणती लागू होते ते आधी विचारून घ्यावे. अमेरिकेच्या मार्गावर बिझनेस क्लासला साधारणतः ३२ किलोच्या दोन बॅगा मिळतात, इकॉनॉमीत २३ किलोच्या दोन.

विमानाची जात आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. ए३५० आणि ७८७ यांच्या अंतर्भागातील हवेचा दाब सुमारे सहा हजार फूट उंचीवरील हवेइतका राखला जातो. जुन्या विमानांत तो आठ हजार फुटांइतका असतो. हवेतील ओलावाही नव्या विमानांत अधिक असतो. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यास याचा फरक जाणवू शकतो, आणि तो लाभ इकॉनॉमीतील प्रवाशालाही तितकाच मिळतो.

आरोग्याचा हिशेब

पायांत रक्ताची गाठ होण्याची भीती हे वडिलांसाठी बिझनेस क्लास घेण्याचे सर्वांत वारंवार सांगितले जाणारे कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाचा अहवाल २००७ साली आला. चार तासांहून अधिक प्रवासात ही जोखीम सुमारे दुपटीने वाढते, असे त्यात आढळले. चार तासांहून लांबच्या उड्डाणामागे प्रत्यक्ष प्रमाण सुमारे सहा हजारांत एक असे होते. मूळ कारण एका जागी न हलता बसणे हे असल्याचे त्या अभ्यासाने स्पष्ट केले. म्हणजे बिझनेस क्लासमध्ये रात्रभर निश्चल पडून राहणारा प्रवासीही निर्धास्त नाही. पाणी पिणे, दर दीड-दोन तासांनी उठणे, पोटऱ्या हलवणे हे पलंगावरही चुकत नाही. पूर्वी गाठ झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा कर्करोगावर उपचार चालू असतील, तर दाबमोजे अथवा औषध यांविषयी डॉक्टरांनीच ठरवावे. शेजाऱ्याच्या सल्ल्याने ॲस्पिरिनची गोळी खिशात टाकणे धोक्याचे आहे.

गुडघेदुखी, पाठदुखी आणि पाय सुजणे यांवर मात्र सपाट आसनाचा लाभ खरा आहे, आणि खर्चाचे समर्थन त्यावरच करणे प्रामाणिकपणाचे.

चाकाच्या खुर्चीची मदत कोणत्याही वर्गात विनामूल्य मिळते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दोहा किंवा दिल्लीसारख्या अवाढव्य विमानतळावर इंग्रजी न येणाऱ्या वृद्धांना पुढचे द्वार शोधण्याची भीती वाटते, आणि काही कुटुंबे केवळ त्या भीतीपोटी बिझनेस क्लासचे पैसे भरतात. त्यांची गरज खुर्ची आणि सोबत यांची असते. ती तिकीट काढताना नोंदवली की भागते. प्रीमियम इकॉनॉमी आणि चाकाची खुर्ची ही जोडी अनेक घरांना पुरेशी ठरावी. उरलेल्या पैशांत मुलगा स्वतः येऊन आईवडिलांना घेऊन जाऊ शकतो.

जेवणाबाबत एक बारकावा आहे. शाकाहारी कुटुंबे भोळेपणाने ‘हिंदू मील’ निवडतात. त्या संकेतात गोमांस नसते, पण कोंबडी, बोकड वा मासे असू शकतात. आपल्या पद्धतीच्या शाकाहारासाठी ‘एशियन व्हेजिटेरियन’ अर्थात एव्हीएमएल हा संकेत नोंदवावा लागतो, जैन आहारासाठी व्हीजेएमएल. ही नोंद उड्डाणाच्या निदान एक-दोन दिवस आधी व्हावी, आणि बिझनेस क्लासमध्येही ती आपोआप होत नाही.

एक तिकीट की दोन

नागपूर-मुंबई स्वस्त तिकीट एका कंपनीचे आणि मुंबईपासून पुढचे दुसऱ्या कंपनीचे अशी जोडणी करणारे एजंट दोन्हीकडे आढळतात. त्यात पाच-दहा हजार वाचतात. परंतु ही दोन तिकिटे कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र प्रवास असतात. नागपूरचे विमान चार तास उशिरा निघाले आणि मुंबईचे सुटले, तर दुसऱ्या कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही. काही लाखांचे तिकीट ‘प्रवासी आलाच नाही’ म्हणून बाद होऊ शकते. बॅगाही मुंबईत उतरवून पुन्हा चढवाव्या लागतात. एकाच पीएनआरवर सर्व टप्पे असतील तर पुढच्या विमानाची सोय करणे कंपनीस भाग पडते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर धुके उतरते तेव्हा हा भेद फार महागात पडतो.

आकाशमार्गांची अनिश्चितताही अलीकडे वाढली आहे. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यामुळे दिल्लीहून युरोप-अमेरिकेस जाणारी एअर इंडियाची उड्डाणे लांबली, काहींना वाटेत इंधनासाठी थांबावे लागले आणि सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवण्यात आली. आखाती मार्गही संकटमुक्त नाही: २३ जून २०२५ रोजी कतारचे आकाश काही तास बंद राहिले आणि दोहाकडे निघालेली विमाने वाटेतून वळवावी लागली. अशा दिवशी ज्यांचा प्रवास एकाच तिकिटावर होता त्यांचा वाली निदान एक होता.

अमेरिकेस जाणाऱ्यांसाठी अबू धाबीचा विचार करण्याजोगा आहे. तेथे २०१४ पासून अमेरिकी प्रवेश तपासणीचे केंद्र आहे. इमिग्रेशन व कस्टम्स तेथेच उरकते आणि अमेरिकेत उतरल्यावर प्रवासी देशांतर्गत प्रवाशाप्रमाणे बाहेर पडतो. दीड दिवसाच्या प्रवासानंतर लांब रांगेत उभे राहण्याची ताकद नसलेल्यांना याची किंमत कळेल. त्यासाठी एतिहादचे विमान दिल्ली किंवा मुंबईहून घ्यावे लागते.

पैसे, कर आणि परतावा

२२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून इतर वर्गांच्या विमान तिकिटांवरील जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. समजा बिझनेस क्लासचे करपात्र भाडे ३ लाख रुपये असेल, तर कर ५४ हजार होतो. पूर्वीच्या दराने तो ३६ हजार झाला असता. संकेतस्थळावरील आकड्यांची तुलना करताना कर धरून आलेली रक्कमच पाहावी.

सर्वांत स्वस्त बिझनेस भाड्यातून काही कंपन्यांनी लाउंज आणि विनामूल्य आसननिवड वगळली आहे. चार-पाच तासांचा थांबा असेल तर वयस्कांसाठी लाउंज ही चैन राहत नाही. भाड्याचे नियम वाचताना तारीख बदलण्याचा आकारही पाहावा, कारण आईवडिलांचा परतीचा दिवस क्वचितच ठरल्याप्रमाणे राहतो. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये विकून एप्रिलमध्ये निघायचे आणि अंबिया बहाराच्या तोडणीपूर्वी ऑक्टोबरात परतायचे, असा बागायतदाराचा बेत असतो. जून-जुलै आणि डिसेंबरच्या गर्दीपासून हा बेत दूर असल्याने त्याला भाडेही तुलनेने बरे मिळते. शेतीच्या पंचांगाने विमानाच्या हंगामाशी जुळवून घ्यावे, असे योग थोडेच.

कंपनीने ऐनवेळी प्रवाशास खालच्या वर्गात बसवले तर काय? फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाणावर तिकिटाच्या करासह रकमेतून १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० किलोमीटरसाठी ५० टक्के आणि त्याहून लांबच्या उड्डाणास ७५ टक्के परतावा द्यावा लागतो. युरोपीय कंपन्यांच्या बाबतीत युरोपीय संघाचा नियमही लांबच्या उड्डाणास ७५ टक्केच सांगतो. विमान बदलून नव्या आसनाऐवजी जुने बिझनेस आसन मिळाले, तर मात्र वर्ग बदललेला नसतो आणि या नियमाखाली परतावाही मिळत नाही. म्हणून तिकीट काढल्यावर महिन्यातून एकदा सीट मॅप पुन्हा उघडून पाहावा. रचना बदललेली दिसली तर त्या वेळी फोन करून दुसऱ्या दिवसाचे विमान मागता येते. विमानतळावर पोहोचल्यावर ते शक्य होत नाही.

सामानात बागेतील संत्री ठेवण्याचा मोह पांढुर्णा-सौंसरच्या प्रत्येक घराला होतो. भारतातून नेलेली ताजी फळे अमेरिकेच्या विमानतळावर काढून घेतली जातात, आणि ती घोषित केली नसतील तर दंड होतो. नागपूरची संत्रा बर्फीही दुधाची असल्यामुळे घोषणापत्रात लिहावी.

आखाती विमाने बहुधा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात. तीन तास आधी सोनेगावास पोहोचायचे तर पांढुर्ण्याहून संध्याकाळीच निघणे बरे. सौंसरकरांना सावनेरमार्गे थोडा अवकाश मिळतो. उड्डाण भाद्रपदाच्या आरंभी असेल तर पोळ्याची तिथी पंचांगात पाहून ठेवावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते आणि शहरात प्रचंड गर्दी लोटते. त्या दिवशीचे विमान असलेल्यांनी आदल्या रात्रीच नागपूर गाठावे.